वाट अर्ध्या तासाची, हिशोब दिवसभराचा

दिवाळीचा फराळ संपत आला आणि पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला, की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. खोकल्याचे औषध घेऊन झाले, रक्तदाब मोजून झाला, की रुग्ण उठता उठता सहज विचारतो, "डॉक्टर, येत्या रविवारी वासोट्याला जायचं ठरतंय. बामणोलीहून बोटीनं पलीकडं जायचं, थोडंसं जंगलातून चालायचं आणि संध्याकाळी परत. जाऊ ना?"

त्या "थोडंसं" या शब्दापाशी मी थांबतो. "जाऊ नका" असे मी क्वचितच सांगतो. चालणे हे औषध आहे आणि जंगलातले चालणे हे त्याहून गुणकारी औषध आहे, असे माझे मत आहे. परंतु प्रत्येक औषधाला मात्रा असते. ती मात्रा मंडळाच्या सेक्रेटरीने किंवा उत्साही मेहुण्याने ठरवायची नसते. ज्याला चालायचे आहे त्याची प्रकृती पाहून ती ठरवायची असते. आजच्या लेखात त्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत.

स्थळाची थोडी ओळख

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली साधारण पस्तीस किलोमीटर. कोयना धरणामुळे अडलेल्या पाण्याचा जो प्रचंड जलाशय तयार झाला, तो शिवसागर. त्याच्या काठावर हे गाव वसले आहे. येथे वनविभागाची परवानगी काढायची, बोट ठरवायची आणि सुमारे तास-दीड तासाचा जलप्रवास करून पलीकडच्या मेट इंदवलीच्या काठावर उतरायचे. तेथून जंगल सुरू होते. पायथ्यापासून थोडे चालले की एक ओढा लागतो. तेथे मारुती आणि गणपती यांचे दर्शन घेऊन पुढे खडी चढण. तासा-दोन तासांत माणूस वासोट्याच्या माथ्यावर पोचतो.

हे जंगल म्हणजे आपल्या गावाबाहेरची करवंदाची टेकडी नव्हे. हे सह्याद्रीचे सदाहरित आणि निमसदाहरित अरण्य आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा अशा झाडांची एवढी दाटी, की भर दुपारी वाटेवर सावली असते. वर शेकरू धावताना दिसते, एखाद्या ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐकू येतो. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याची नोंद झाली. आपल्या जिल्ह्याला एवढे वैभव मिळाले आहे. ते प्रत्येकाने पाहावे, मुलांना दाखवावे, याविषयी दुमत नाही.

मात्र याच गडाचा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. वासोट्याचा उपयोग पूर्वी कैदी ठेवण्यासाठी होत असे. राजापूरच्या इंग्रजांना धरल्यावर त्यांच्यापैकी कैदी येथे आणून ठेवले होते. पूर्वीच्या मुत्सद्द्यांनी हीच जागा का निवडली? कारण येथून बाहेर पडणे सोपे नव्हते. वाट एकच, भोवती दाट रान. आज त्यात शिवसागराच्या पाण्याची भर पडली आहे. जी जागा कैद्याला अडवून ठेवी, तीच जागा आजारी माणसालाही अडवून ठेवते. सहलीचा बेत आखताना आपण नेमकी हीच बाब विसरतो.

अंतर मैलात नव्हे, तासात मोजा

आपण घरी बसून हिशोब करतो तो असा : बोट दीड तास, चालणे थोडे, जेवण, परत. हा झाला धडधाकट माणसाचा हिशोब. मी डॉक्टर असल्यामुळे दुसरा हिशोब करतो. समजा, जंगलात अर्धा तास आत गेल्यावर एखाद्याचा पाय मुरगळला, छातीत दुखू लागले किंवा सर्पदंश झाला. आता त्याला चालवता येत नाही. चौघांनी उचलून आणायचे म्हटले तर अर्ध्या तासाच्या वाटेला तास लागतो. पुढे बोटीचा दीड तास. मग बामणोलीहून घाटरस्त्याने साताऱ्याला तास-सव्वा तास. म्हणजे अर्ध्या तासाच्या वाटेवरून मोठ्या रुग्णालयात पोचायला जवळजवळ चार तास झाले. हाच प्रसंग माथ्यावर घडला तर सहा तासही अपुरे पडतील. आणि काही न चालता काठावर नुसते बसून राहिलेला माणूससुद्धा रुग्णालयापासून तीन तास दूर असतो.

आपल्या गल्लीतल्या माणसाच्या छातीत दुखले तर रिक्षाने दहा मिनिटांत दवाखाना गाठता येतो. तोच माणूस, तेच हृदय, परंतु पाण्यापलीकडे गेल्यावर त्याचा धोका बदलतो. म्हणून माझा पहिला नियम असा : सहलीचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. जेथे उभे आहात तेथून उपचारापर्यंत किती तास, यावर ते मोजावे. या मापाने पाहिले, तर वासोट्याच्या पायथ्याची छोटी फेरीसुद्धा लांबचा प्रवास ठरते आणि तिची तयारीही तशीच करावी लागते.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे व तिचा मोठा उपयोग होतो. परंतु रुग्णवाहिका पाण्यावरून येत नाही. पलीकडच्या काठावर मोबाईलच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. म्हणून बोटीत बसण्यापूर्वी बामणोलीतच विचारून घ्यावे : जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे? सर्पदंशावरील प्रतिविष कोठे मिळेल? अडचण आली तर नावाड्याने कोणाला निरोप द्यायचा? पाच मिनिटांचे काम आहे. पण माझ्या रुग्णांपैकी किती जणांनी ही पाच मिनिटे खर्च केली असे विचाराल, तर एका हाताची बोटेही पुरून उरतील.

एक सहल, दोन बेत

आपल्याकडची सहल म्हणजे सर्वांना एकच कार्यक्रम. आजोबा सत्तरीचे, नातू सात वर्षांचा, सुनेचे पाचव्या महिन्याचे पोट, जावई रोज व्यायाम करणारा, आणि सगळे निघाले गड चढायला! एखाद्याने "मी खालीच बसतो" म्हटले की लगेच थट्टा सुरू होते. "काय काका, एवढ्यात दमलात?" मग काका मिशीवर ताव देतात आणि चढू लागतात. माझे स्पष्ट मत आहे, की या वाटेवर सापापेक्षा ही थट्टा अधिक घातक आहे. साप सहसा माणसाला टाळून जातो, थट्टा मात्र माणसाला नको तेथे ढकलते.

यावर उपाय सोपा आहे. घरूनच दोन बेत करून निघावे. पहिला बेत गड चढणाऱ्यांचा. दुसरा बेत जंगलात सपाटीने ओढ्यापर्यंत चालून, झाडे-पाखरे पाहून, सावकाश पुन्हा जलाशयाच्या काठी येणाऱ्यांचा. दुसरा बेत हा कमीपणाचा नाही. उलट, ज्याला जंगल खरोखर पाहायचे आहे त्याला धापा टाकत चढणाऱ्यापेक्षा या सावकाश फेरीत अधिक दिसते. अंजनीच्या सावलीत अर्धा तास चालणे आणि मग त्या विस्तीर्ण, नि:शब्द पाण्याकडे पाहत भाकरी खाणे, एवढ्याने कोणाचाही रविवार सार्थकी लागेल. या गटाबरोबर एक तरुण, जाणता माणूस मात्र राहिलाच पाहिजे. म्हाताऱ्यांना आणि मुलांना काठावर "सांभाळून बसा" असे सांगून सगळे तरुण वर निघून गेले, तर तो बेत नव्हे, तो बेजबाबदारपणा.

कोणी कोणत्या बेतात जायचे? त्यासाठी घरच्या घरी एक परीक्षा सांगतो. दोन मजले जिना न थांबता, आपल्या नेहमीच्या चालीने चढावा. वर गेल्यावर एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आले तर ठीक. छातीत जडपणा, जबडा किंवा डाव्या हातात कळ, विलक्षण धाप किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर गड तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी डॉक्टरांकडे जावे. मधुमेही माणसाला हृदयविकारात छातीत कळ येईलच असे नाही. नुसता घाम आणि धाप यावरही संशय घ्यावा लागतो, हे ध्यानात असू द्यावे. ज्यांना गड चढायचाच आहे, त्यांनी निदान महिनाभर आधी रोज अर्धा-पाऊण तास चालण्याची सवय करावी. वर्षभर दुकानाच्या गादीवर बसायचे आणि एका रविवारी एकदम शिवकालीन मावळा व्हायचे, हे गुडघ्यांना आणि हृदयाला मान्य नसते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी तर चढण्यापेक्षा उतरण्याची धास्ती घ्यावी. उतरताना सांध्यांवर भार अधिक येतो. हातात काठी असावी आणि घाई नसावी.

नेहमीच्या दुखण्यांची खबरदारी

मधुमेहाचे एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त शिक्षक, शिस्तीचे गृहस्थ. सहलीच्या दिवशी पहाटे पाचला नेमाने साखरेची गोळी घेतली, पण "बोट चुकेल" म्हणून न्याहारी केली नाही. रस्ता झाला, बोट झाली, चालणे सुरू झाले. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले आणि ते असंबद्ध बोलू लागले. बरोबरच्या मंडळींना वाटले ऊन लागले, म्हणून त्यांनी वारा घातला. सुदैवाने एका बाईंच्या पिशवीत पेढे होते. दोन पेढे पोटात गेले आणि दहा-पंधरा मिनिटांत मास्तर ताळ्यावर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ही हकिगत मला सांगितली, तेव्हा ते हसत होते. मला हसू आले नाही. पेढ्यांऐवजी त्या पिशवीत फरसाण असते तर काय झाले असते?

तेव्हा मधुमेही मंडळींनी लक्षात ठेवावे : गोळी किंवा इन्सुलिन घेतले की वेळेवर खाणे झालेच पाहिजे. श्रमाने साखर आणखी उतरते. त्या दिवशी औषधाचा डोस बदलायचा की नाही, हे आधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे, मनाने ठरवू नये. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी. घाम, थरथर, गोंधळ जाणवताच तीन-चार चहाचे चमचे साखर खावी आणि बसून राहावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी व नंतर पोळी-भाकरी खावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. पायात नवे कोरे बूट घालून येऊ नये. पायांच्या संवेदना कमी झालेल्या मधुमेही माणसाला फोड आलेला कळत नाही आणि महिन्याभराने तो जखम घेऊन आमच्याकडे येतो. संध्याकाळी घरी आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून अनेक जण सहलीच्या दिवशी गोळीच बुडवतात. असे करू नये. वेळ पुढे-मागे करता येईल का, हे विचारून घ्यावे. दम्याच्या रुग्णाचा पंप गाडीतल्या बॅगेत नव्हे, स्वतःच्या खिशात असावा. हृदयरोग्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी आणि ॲस्पिरिन केव्हा घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन ती जवळ ठेवावी, आणि ती कोठे आहे हे बरोबरच्या दोघांना सांगून ठेवावे.

एका विषयावर आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. वाटेत स्वच्छतागृहाची सोय नसेल या भीतीने बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दिवसभर उन्हा-वाऱ्यात घोटभर पाण्यावर राहतात. परिणामी डोके दुखते, पायात गोळे येतात आणि दोन दिवसांनी लघवीची जळजळ घेऊन त्या दवाखान्यात येतात. सहल आखणाऱ्या पुरुष मंडळींनी बोटीचे भाडे ठरवण्याआधी ही सोय कोठे आहे, कोठे थांबायचे, हे पाहिले पाहिजे. तो बायकांचा खासगी प्रश्न नव्हे. सहलीच्या बेताचाच तो भाग आहे.

माणशी निदान दोन लिटर पिण्याचे पाणी घरून न्यावे. ओढ्याचे पाणी कितीही निवळशंख दिसले तरी रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. गळून गेल्यासारखे वाटल्यास मीठ-साखरेचे पाणी उत्तम : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

जळू, गोचीड, साप आणि मधमाशी

पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. तो केव्हा उघडला हे वनविभागाकडूनच खात्री करून घ्यावे. उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दमट वाटेवर जळवा भेटतात. जळू दिसली की किंचाळण्याचे कारण नाही. नखाने बाजूला सरकवली की ती सुटते, चटके देऊ नयेत. तिच्या लाळेतील द्रव्यामुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून जखम वाहत राहते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरावे. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असणाऱ्यांनी अधिक वेळ दाबावे.

गोचीड आणि तिच्याहून बारीक किडे यांच्याकडे मात्र आपण दुर्लक्ष करतो. माकडताप हा गोचिडीमार्फत पसरणारा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. आपल्या महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये त्याची साथ आली. स्क्रब टायफस हा दुसरा ताप, झुडपांतील सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने होतो. माझ्याकडे एक तरुण तापाने आला. दहा दिवसांपूर्वी तो कोणत्या तरी रानात झुडपात बसून जेवला होता, हे विचारल्यावर कळले. कमरेपाशी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली होती. ती त्याला दुखत नव्हती, म्हणून त्याने सांगितलीही नव्हती. योग्य औषध सुरू झाले आणि तो बरा झाला. म्हणून जंगलातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे : "मी जंगलात गेलो होतो." या एका वाक्याने निदानाचे चार दिवस वाचतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यात खोचलेली विजार आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, एवढी खबरदारी पुरेशी स्वस्त आहे.

सर्पदंशाबाबत जुन्या समजुती अजून गेलेल्या नाहीत. चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, दोरीने करकचून आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रुग्णाला धीर द्यावा, अंगठी-कडे काढावे, दंश झालेला अवयव काठीचा आधार देऊन हाडमोडीप्रमाणे स्थिर बांधावा आणि त्याला न चालवता उचलून आणावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते रुग्णालयातच द्यायचे असते. साप मारून बरोबर आणण्याची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला दंश होतो. दगडाखाली, ढोलीत हात घालू नये, कारण तेथे विंचूही असतो. याच सह्याद्रीपलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, परंतु ते वेळेत मिळाले तर. पुन्हा तासांचाच हिशोब.

आग्या मोहोळाच्या माश्या धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तराने चवताळतात. मोहोळ उठले तर तोंड-डोके कपड्याने झाकून तेथून दूर पळावे. एरवी एक-दोन डंखांनी घाबरण्याचे कारण नसते. परंतु अंगावर गांधी उठून घसा आवळू लागला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर तो प्राणांवरचा प्रसंग समजून ताबडतोब परत फिरावे. गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नये. तो गोठ्यातला रेडा नव्हे.

पाण्याशी सलगी नको

चालून घामाघूम झाल्यावर समोर निळेशार पाणी दिसले की तरुणांना राहवत नाही. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. शिवसागर हे गावाबाहेरचे नैसर्गिक तळे नाही. ती बुडालेली दरी आहे. तळ्याचा काठ हळूहळू खोल होतो, बुडालेल्या डोंगराची उतरण मात्र दोन पावलांत माणसाच्या डोक्यावर जाऊ शकते. तळाशी गाळ, बुंधे, जुन्या बांधांचे दगड. पोहता येणाऱ्यालाही तेथे पाय टेकता येत नाही. म्हणून पाय धुण्यापलीकडे पाण्यात उतरू नये. मद्य घेऊन तर जंगलात आणि पाण्यावर येऊच नये.

बोटीत जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावे व बंद लावावेत. "मला पोहता येतं", "गरम होतं", "फोटो चांगला येत नाही" या सबबी ऐकू नयेत. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. तेही समुद्राचे नव्हे, धरणाचेच पाणी होते. मुलांच्या मापाचे जाकीट आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर मुलांना घेऊन त्या बोटीत बसू नये. जाकिटावाचून किंवा ठरल्यापेक्षा जास्त माणसे घेऊन निघणाऱ्या नावाड्याला आपणच आग्रह करत असतो, "घ्या हो, दोघंच तर आहेत." हा आग्रह आपण सोडला पाहिजे.

आयोजकांना आणि शासनाला

शाळा, कचेऱ्या, महिला मंडळे यांच्या सहली निघतात. पन्नास माणसांमागे प्रथमोपचाराची पेटी एक, आणि तिच्यात कापूस व मुदत संपलेले आयोडीन! माझी विनंती अशी, की आयोजकाने निघण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, वय, आजार, औषधे आणि घरचा फोन एका कागदावर लिहून घ्यावा. आजार लिहिण्यात लाज नाही. चालताना सर्वांत पुढे वाटाड्या आणि सर्वांत मागे एक जाणता माणूस असावा, त्याच्या मागे कोणीही राहू नये. परतीची वेळ आधी ठरवावी. चारला बोटीत बसायचे असेल तर दुपारी एक वाजता जेथे असाल तेथून मागे फिरायचे, मग माथा चार पावलांवर का असेना. गड कोठे पळून जात नाही.

शासनाकडेही मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे. परवानगीच्या चिठ्ठीबरोबर प्रत्येकाला खबरदारीचा मराठी कागद द्यावा. पायथ्याशी स्ट्रेचर, प्रथमोपचाराचे साहित्य व ते वापरता येणारा माणूस असावा. निकडीच्या वेळी लगेच निघेल अशी एक बोट राखून ठेवलेली असावी. स्थानिक नावाडी आणि वाटाडे हेच येथे पहिले मदतनीस असतात. त्यांना प्रथमोपचाराचे आणि छातीदाबाचे शिक्षण दिले, तर त्यांच्या रोजगारालाही बळ येईल. प्लास्टिक आत जाऊ नये म्हणून तेथे तपासणी होते, ती योग्यच आहे. त्याच तपासणीत "कोणाला हृदयविकार, मधुमेह, दमा?" हा प्रश्न घालायला काही खर्च येत नाही.

वाचकहो, एवढे सगळे वाचून कोणी घाबरून घरी बसला, तर माझा लेख वाया गेला असे मी समजेन. घरी बसून होणारे आजार जंगलात होणाऱ्या आजारांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि माझा दवाखाना त्यांनीच भरलेला असतो. तेव्हा जरूर जा. फक्त शनिवारी रात्री डबा भरण्याआधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवा आणि ज्याला चढायचे नाही त्याला आधी बोलू द्या. "मी ओढ्यापर्यंतच येईन" असे तो म्हणाला, तर त्याच्याबरोबर कोण थांबणार, हे त्याच बैठकीत ठरवा. एवढे ठरले, की मग खुशाल भाकऱ्या बांधायला घ्या.